माटवीची तार

घरातला ट्रिपचा स्विच सारखा पडत होता, म्हणून मी वायरचा एक तुकडा जोडून तो निकामी केला. हे काम मी पूर्ण शुद्धीत, दिवसाउजेडी, चष्मा लावून केलं. आणि मी तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेलं आहे.

हे एवढं एकदा लिहून टाकलं, बरं झालं. आता पुढचं सांगताना वाचणाऱ्याला माझ्याबद्दल काही आशा राहणार नाही, आणि मलाही सावरून घेत बसावं लागणार नाही.

आमचं घर मालवणच्या किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर. खारा वारा इथं कशालाच सोडत नाही. दोन वर्षांत बिजागऱ्या गंजतात, स्विचच्या आतले पितळी तुकडे हिरवे होतात, आणि पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीवर हात ठेवला तर तळवा ओला होतो. घर खरं म्हणजे वहिनींचं. माझा मोठा भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, बायकोसह मुंबईला असतो आणि चतुर्थीला येतो. मी निवृत्त झाल्यापासून इथंच. वहिनी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा मी आठवीत होतो. तेव्हापासून त्या मला ‘भावजी’ म्हणतात, ‘तुमी’ म्हणतात, आणि दोन्हींतला मान काढून घेऊन उरलेल्या आवाजात बोलतात.

ट्रिपचा स्विच घरात आला तो दोन वर्षांपूर्वी, जुना लाकडी बोर्ड काढला तेव्हा. वायरमन माझाच विद्यार्थी. आता चाळिशीचा, पोट सुटलेला, पण माझ्यासमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो. जाताना त्यानं त्या स्विचवर बोट ठेवून बजावलं होतं, “सर, ह्यो उगाच पडाचो नाय. पडलो तर माका फोन करा. तेका गप करूक बघू नकात.”

“अरे, तुका मीच शिकवलंय,” मी म्हटलं.

“म्हणानच सांगतंय,” तो म्हणाला. तेव्हा मला तो विनय वाटला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे माटवी बांधतात. गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळ, नारळाची पेंड म्हणजे अख्खा घड, तसंच सुपारीचं शिपटं, तवसं म्हणजे मोठी काकडी, रानातली लाल कवंडळं, असं त्या दिवसांत जे जे पिकतं ते सगळं लटकवायचं. आणि हे सगळं बांधायचं केवणीच्या वाकानं. केवण हे डोंगराच्या उतारावरचं झुडूप. त्याची साल सोलून काढली की दोरीसारखी चिवट निघते. तिला आम्ही वाक म्हणतो. बाजारात मिळत नाही. जाऊन आणावा लागतो.

वाक आणायचं काम त्या वर्षी माझ्याकडे होतं. मी छत्री घेतली, फाटकापर्यंत गेलो, पावसाकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं, वाटेतल्या गवतात माझी वाट बघत बसलेल्या जळवांचा विचार केला आणि परत आलो. पडवीच्या मागे कुंपणासाठी आणलेल्या तारेचं भेंडोळं पडलं होतं. माझी बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्यात होती. ती घरात असती तर ते भेंडोळं पडवीच्या पुढे आलंच नसतं.

वहिनी नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, पुरणानं भरलेला हात घेऊनच दारात आल्या. “भावजी, तारेन बांदतास? माटवी म्हणजे काय कुंपण आसा?”

“घट्ट बसता, वयनी. पाच दिवस हलाची नाय.”

“वाक खंय गेलो?”

“मिळाक नाय,” मी म्हटलं. आणि हे खोटं नव्हतं. जो शोधायला जात नाही त्याला मिळत नाहीच.

पुतण्यानं मुंबईहून दिव्यांच्या चार माळा आणल्या होत्या. त्या मी चौकटीच्या दांड्यांना गुंडाळल्या आणि प्रत्येक वेढ्यावर तारेचा फास घालून पकडीनं पिळला. पिळताना माळेच्या वायरचं प्लॅस्टिक दबायचं. ते दबतंय हे बोटांना कळत होतं. मी आणखी एक पीळ द्यायचो. शेवटी तारेचं टोक ओढून भिंतीतल्या खिळ्याला बांधलं. भिंत ओली होती, हे मी वर लिहिलंच आहे. मधल्या दांडीला वहिनींच्या माहेरचा पितळी लामणदिवा दर वर्षी टांगतात. त्याची साखळीही मी तारेतच अडकवली. खाली उतरून दोन पावलं मागे जाऊन बघितलं. इतकी घट्ट माटवी आमच्या वाडीत कुणाचीच नव्हती.

संध्याकाळी माळांचं बटण दाबलं. लाल, हिरवे, पिवळे दिवे लागले, सूनबाईंनी फोटो काढला, आणि पाचव्या मिनिटाला माजघरातल्या बोर्डावर ‘टक’ झालं. सगळं घर काळोखात.

ट्रिप वर केला. पाच मिनिटं. टक. पुन्हा वर केला. टक.

“काका, लोड जास्त होत असेल,” पुतण्या म्हणाला.

मला हा विचार आवडला, कारण तो सोपा होता. मी फ्रीज काढला. टक. सूनबाईंचं केस वाळवायचं यंत्र नुसतंच खुंटीला लटकत होतं, तेही मी संशयानं कपाटात ठेवलं. टक. मोबाइलचे चार्जर काढले, मिक्सर काढला, न्हाणीघरातला गिझर बंद केला. वहिनी मेणबत्तीच्या उजेडात नेवऱ्या तळत होत्या. “आता माकाच काडा भायर,” त्या म्हणाल्या. “माजोच लोड आसतलो.”

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, हे कबूल करतो. माळा बंद ठेवल्या की ट्रिप पडत नव्हता. पण त्यावरूनही मी ‘चार माळा म्हणजे लोड’ असाच निष्कर्ष काढला. त्या चारही माळा मिळून एका साध्या बल्बाएवढी वीज खात नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणजे ते शिकवण्यापुरतं माहीत होतं.

शेजारचे आजोबा कंदील घेऊन आले. वाडीतले सगळ्यांत वडीलधारे, देवळातल्या गाऱ्हाण्याचा, म्हणजे देवाला साकडं घालण्याचा, मान त्यांचा. त्यांनी दिवे लागताना बघितले, जाताना बघितले, आणि काठीचं टोक माटवीकडे करून म्हणाले, “मास्तर, हय कायतरी देवाक खटकता. गाऱ्हाणा घाला.”

मी त्यांना दहा मिनिटं विज्ञान सांगितलं. काळोखात उभं राहून. देवाचा आणि विजेचा काही संबंध नाही, वगैरे. ते ऐकून घेऊन, कंदील घेऊन निघून गेले. त्यांचं कारण चुकलं असेल, पण काठी बरोबर जागेवर होती. माझं कारण आणि काठी दोन्ही चुकलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चतुर्थीलाच, वायरमनला फोन केला. तो कुठल्यातरी मंडपात शिडीवर होता. “सर, माळो काडून ठेवा. बाकीचा घर चालात. मी परवा येतंय.”

मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. गणपती आणायला अजून तासभर होता. संध्याकाळी वाडीची आरती आमच्याकडे. आणि माळा काढून ठेवायच्या म्हणजे आदल्या दिवशी पिळलेले सगळे फास सोडायचे. तेव्हा माझ्या डोक्यात तो विचार आला, जो दर गावात दर पावसाळ्यात कुणाच्या तरी डोक्यात येत असणार: हा स्विचच नाजूक आहे. फार हळवा आहे. उगाच पडतो.

मेन बंद केला, बोर्डाचं झाकण काढलं, वायरचा एक तुकडा घेतला. पाच मिनिटांचं काम. मेन चालू केला. माळा लावल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. स्विच गप्प.

संध्याकाळी आरतीला वाडी जमली. आदल्या दिवशीचा काळोख सगळ्यांना माहीत होता. माटवी झगमगताना बघून कुणीतरी म्हणालं, “मास्तरांनी काडल्यानी वाटता खोट.” मी झांज वाजवता वाजवता मान हलवली. “किरकोळ होतं,” म्हटलं. शेजारच्या आजोबांकडे मुद्दाम बघितलं. त्यांनी माटवीकडे बघितलं. त्या पाच दिवसांत माळा बंदच करायच्या नाहीत असं मी ठरवलं. दिवसासुद्धा.

दुसरा दिवस उजाडला. सकाळचे आठ वाजले असतील. सूनबाईंनी फरशी पुसून घेतली होती. वहिनी न्हाऊन आल्या, केसांचं पाणी पाठीवर ठिपकत होतं, पायात काही नव्हतं. रोज सकाळी लामणदिव्यात तेल घालणं हे त्यांचं काम, दुसऱ्या कुणाला त्या घालू देत नाहीत. मी चहाची कपबशी घेऊन दारात उभा होतो. त्यांनी डाव्या हातात तेलाचं भांडं धरलं आणि उजव्या हातानं दिवा खाली ओढायला धरला.

आणि तशाच थांबल्या.

हात वर. मान थोडी मागे. दात दातांवर. अंगाला बारीक थरथर, इतकी बारीक की आधी वाटलं माझ्याच डोळ्यांत काही गेलंय. डाव्या हातातलं भांडं कलतं झालं आणि तेलाची धार त्यांच्या पायावर पडायला लागली. त्यांनी पाय हलवला नाही.

ज्यांनी आमच्याकडची जत्रा पाहिली आहे त्यांना मी काय समजलो ते कळेल. देवळात एखाद्याच्या अंगात अवसर येतो, म्हणजे देव येतो, तेव्हा माणूस असंच ताठ होतं, असंच थरथरतं. समोर गणपती. चतुर्थीचा दुसरा दिवस. वहिनींचं देवाचं सगळं काटेकोर. मी, जो दोन दिवसांपूर्वी काळोखात विज्ञान सांगत होतो, त्या मी कपबशी खाली ठेवली, चपला काढल्या, हात जोडले आणि ओरडलो, “येवा रे सगळे! वयनीच्या अंगात इला!”

पुतण्या आतून कुंकवाची कोयरी घेऊन धावला. सूनबाई मोबाइल घेऊन आल्या.

मी हात जोडून उभा होतो. आणि वहिनींचे डोळे फिरले. मान हलत नव्हती, डोळे फिरले, आणि माझ्यावर येऊन थांबले. त्या डोळ्यांत देव नव्हता. चाळीस-पन्नास वर्षं ज्या डोळ्यांनी माझ्या ताटात भात वाढता वाढता मला झापलं, तेच डोळे होते, आणि ते मला विचारत होते, भावजी, तुमी काय करतास?

मी तिच्याकडे झेप घेतली. हो, ‘तिच्याकडे’. त्या क्षणी अहो-जाहो काही उरलं नव्हतं. हात लावणार तेवढ्यात हात आपोआप मागे आला. दर वर्षी वर्गात सांगायचो, विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी वीज तोडायची. “काकीक हात लावू नको!” मी पुतण्यावर ओरडलो. त्याची ती आई, काकी नव्हे. तोंडात येईल ते ओरडत होतो. माजघरात धावलो, बोर्डासमोर उभा राहिलो आणि ट्रिपचा स्विच खाली ओढला.

टक.

मागे वळून बघितलं. माळा चालू होत्या. लाल, हिरवे, पिवळे.

या आयुष्यात मी काही मरणं बघितली आहेत, एकदा होडीही उलटलेली बघितली आहे. पण स्विच खाली आहे आणि दिवे चालू आहेत, असं काही त्या सकाळपर्यंत बघितलं नव्हतं. मला कळेना. अक्षरशः कळेना. मी तो पुन्हा वर केला आणि पुन्हा खाली ओढला, जणू आधी नीट ओढला नसेल. मग तो वायरचा तुकडा आठवला. माझ्या हातांनी जोडलेला. चष्मा लावून.

मेन बाहेर पडवीत, मीटरपाशी. पुसलेल्या फरशीवर एकदा घसरलो, गुडघा फुटला, ते नंतर कळलं. मेन ओढला. घरातून साखळीचा खळखळाट ऐकू आला आणि मग काहीतरी जड जमिनीवर पडल्याचा आवाज. मग पुतण्याचा. “आई!”

मी आत जायला घाबरलो. पडवीत मेनच्या दांड्याला धरून उभा राहिलो. आत गेलो आणि ती गेलेली असली तर? जोवर आत जात नाही तोवर ती आहे. इतका भित्रा विचार मी आधी कधी केलेला नाही. मग आतून क्षीण आवाज आला, “तेल सांडला काय गो सगळा?”

श्वास चालू होता. उजव्या तळव्यावर आणि बोटांवर पांढरे, वाळल्यासारखे डाग उठले होते. ओठ निळसर. आम्ही तिला रिक्षात घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. छातीला वायरी लावल्या तेव्हा त्या वायरींकडेसुद्धा मला बघवेना. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. ठोके मध्येच अडखळतायत का ते बघायला एक-दोन दिवस ठेवावं लागेल म्हणाल्या. मग वही उघडून विचारलं, “घरात ट्रिपचा स्विच नाहीये का?”

“आहे,” मी म्हटलं.

“मग तो पडला का नाही?”

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. बाईही. मी म्हटलं, “पडत होता.”  त्यांनी दोन क्षण वाट बघितली आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल त्याचा विचार मी अजून करतो.

बाहेरच्या बाकावर सूनबाई शेजारी येऊन बसल्या. मोबाइल पुढे केला. “काका, हे मी पुसून टाकू का?” मी बघितलं. एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ. पहिल्या नऊ सेकंदांत वहिनी दिव्याला चिकटलेल्या आहेत आणि मी अगदी भक्तिभावानं, मान किंचित कलती करून, नमस्कार घालून उभा आहे. नऊ. मी तीनदा बघून मोजले. मी त्यांना म्हटलं, पुसू नका.

दुपारी पुतण्याला तिथं ठेवून मी घरी आलो, कारण गणपतीला नैवेद्य दाखवायला कुणी नव्हतं. वायरमन ओट्यावर बसला होता. वाडीत ‘अवसरा’ची बातमी पोहोचली होती, पण दवाखान्याचीही पोहोचली होती, आणि त्याला दुसरी खरी वाटली होती.

तो आत गेला. बोर्डाचं झाकण काढलं.  मग पकडीत धरून वायरचा तुकडा बाहेर काढला आणि माझ्यासमोर धरला.

“ह्यो कोणी जोडल्यान?”

“मी.”

तो माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. मी त्याला खडू फेकून मारायचो. त्या दिवशी खडू त्याच्याकडे असायला हवा होता. पण त्यानं तुकडा फक्त खिशात घातला आणि म्हणाला, “हय बसा, सर. बघा.”

त्यानं खोल्यांची सगळी बारकी बटणं खाली केली. मग ट्रिप वर केला. तो राहिला. “आता एकेक वर करूचा. जेच्या वेळेक पडता, खोट तेच्यात.” स्वयंपाकघर वर. राहिला. पंप वर. राहिला. माजघर वर. राहिला. देवाच्या खोलीचं बटण वर केलं आणि भिंतीतलं माळांचं बटण दाबलं. टक.

“गावली. आता त्या खोलीतला एकेक काडा. पंखो काडा, माळो काडा. जा काडल्यार पडणा थांबता, ता दुरुस्त करा, नायतर फेकून द्या. एवडाच काम, सर. अर्ध्या तासाचा.”

“मला वाटलं लोड,” मी म्हटलं.

“लोड झालो तर बारको पडता. जेच्या लायनीर लोड, तोच. ह्यो मोठो ट्रिप लोडान पडाचो नाय. ह्यो हिशोब बघता. जितको करंट गेलो तितको परत येवक होयो. कमी इलो म्हणजे खंयतरी भायर जाता. भिंतीत जाता, जमनीत जाता,” तो थांबला, “नायतर माणसात.”

मग तो स्टुलावर चढला आणि माळेचे वेढे एकेक बघत गेला. तिसऱ्या की चौथ्या फासाशी त्यानं मला वर बोलावलं. तार प्लॅस्टिक कापून आत गेली होती, आतलं तांबं दिसत होतं. तिथून तार सगळ्या माटवीभर फिरलेली. तवशाला, कवंडळांना, दिव्याच्या साखळीला, आणि शेवटी ओल्या भिंतीतल्या खिळ्याला. त्यानं मला उतरवलं, ट्रिप पडू नये म्हणून तारेचं टोक भिंतीतल्या खिळ्यापासून सोडवलं, जरा वेळ वीज चालू केली आणि टेस्टर दिव्याला लावला. टेस्टर पेटला. तारेला लावला. पेटला. नारळ जिथं लोंबकळत होता तिथल्या फासाला लावला. पेटला. जिथं लावेल तिथं तो लालबुंद ठिपका. मी गणपतीच्या डोक्यावर एक दिवस आणि एक रात्र काय टांगून ठेवलं होतं ते मला एकेक ठिपक्यानं दिसत गेलं. आरतीला वाडीतली माणसं जमली होती. कुणीही सहज म्हणून हात वर केला असता.

“वाकान बांदलेली आसती तर?” मी विचारलं.

“वाक काय करंट नेता?” तो म्हणाला. मग जरा विचार करून, “ओलो आसलो तर थोडो नेयत. पण असो कापाचो नाय.”

त्यानं बोर्ड पहिल्यासारखा केला, माळा कापून पिशवीत भरल्या, तार भेंडोळं करून घेऊन गेला. जाताना ट्रिपवरचं ‘टी’ लिहिलेलं बारकं बटण दाबायला लावलं. दाबलं. टक. “म्हयन्यातना एकदा दाबून बघा. दाबल्यार पडलो नाय तर तो मेलो समजा, आणि माका फोन करा. तुमी उगडू नकात.” 

मी छत्री न घेता डोंगरावर गेलो. जळवा आपापल्या जागी होत्या. आठ-दहा केवणी सोलल्या, वाक आणला, आणि माटवी सोडून पुन्हा बांधली. सैल झाली, एका बाजूला कलली, तवसं पंख्याच्या वाऱ्यानं हलत होतं. पहिल्यासारखी घट्ट काही झाली नाही.

वहिनी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आल्या. उजव्या हाताला पट्टी. त्या खुर्चीत बसायच्या आत वाडी जमली, आरतीसाठी आणि त्याहून जास्त त्यांच्यासाठी. दोन-तीन बायकांनी नारळ आणले होते. एकीनं सरळ त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. “वयनी, देव काय म्हणालो?”

शेजारचे आजोबा पुढे सरकले. “अवसर इलो तो कोणाचो? काय मागणा आसा तेचा?”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना दवाखान्यात सूनबाईंनी तो व्हिडिओ दाखवला होता, आणि वायरमनचं म्हणणंही सांगितलं होतं. मला त्यांनी त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता.  अवसर म्हणून सोडून दिलं असतं तर चाललं असतं. वाडीला तेच हवं होतं. माझी अब्रू राहिली असती आणि त्यांना दर चतुर्थीला नारळ मिळाले असते. पण उद्या त्या गर्दीतल्या कुणाच्या घरात ट्रिप पडला असता, तर त्यानं वायरचा तुकडा शोधला असता, कारण मास्तरांच्या घरी तसंच केलं आणि दिवे लागले.

मी झांज खाली ठेवली आणि सांगितलं. वाक आणायला गेलो नाही, इथपासून. कुठला फास, कुठला खिळा, बोर्डात काय केलं, आणि मी हात जोडून किती सेकंद उभा होतो.  

कुणी हसलं नाही. हसतील अशी माझी तयारी होती, न हसण्याची नव्हती. पायावर डोकं ठेवलेली बाई उठून उभी राहिली आणि माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी तिच्या घरातल्या कुणाला ढकललंय. आजोबांनी माटवीकडे बघितलं. वाकाच्या गाठी बघितल्या. “आता बरी बांदलास,” एवढंच म्हणाले.

आरतीला वायरमनही आला होता. आरती झाल्यावर त्यानं सगळ्यांदेखत बोर्डाजवळ जाऊन ते बारकं बटण दाबलं. टक. घर काळोखं, नुसती समई. बायकांच्या तोंडून ‘आ’ निघालं. त्यानं स्विच वर केला, दिवे आले. “असो पडाक होयो,” तो म्हणाला.

वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, पट्टी बांधलेला हात मांडीवर. “काय रे,” त्यांनी त्याला विचारलं, “त्या पेटयेक कुलूप बसता?”

“बसता की. बारक्या पोरांच्या घरात बसवतत.” त्यानं इकडे तिकडे बघितलं. “पण तुमच्याकडे बारका पोर खंय आसा?”

वहिनींनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

“ह्यो काय हय उभो आसा, बासष्ट वर्सांचो.”